जड होती तीच घेतली

"आधी वजन बघा."

असं म्हणून काका डावा तळहात पुढे करायचे. तुमच्याकडे जे काही असेल ते त्यावर ठेवायचं. फ्लॉवरचा गड्डा, नवा लॅपटॉप, कुणाचं तान्हं बाळ. ते डोळे मिटून घेत, हात दोनदा हलकेच खालीवर करत आणि आकडा सांगत. "एक किलो दोनशे." हॉलंडमधल्या आमच्या बेस्ट गावच्या बाजारातला डच भाजीवाला पहिल्यांदा हसला होता. मग त्यानं गड्डा काट्यावर ठेवून पाहिला आणि त्यानंतर दर शनिवारी काका दिसले की तो शेजारच्या चीजवाल्याला हाक मारून बोलवायला लागला.

आमच्या मराठी मंडळींत बारसं असलं की बाळ आधी त्यांच्या हातावर जायचं. "चार किलो शंभर. आईनं नीट खाल्लंय." माझी पर्स उचलून एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही छत्र्या दोन आणता का?" उघडून पाहिलं तर खरंच दोन होत्या. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या कलेचा जगाला फारसा उपयोग नसतो, पण ती बघताना आपण हातातलं काम विसरतो.

त्यांना मात्र तिचा उपयोग होता. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांची तपासणी त्यांच्याकडे होती. मी नियोजनात, म्हणजे सगळ्यांना तारखा विचारून जीव नकोसा करणारी. एखादा ओतीव भाग तळहातावर घेऊन ते बाजूला ठेवत. "आत पोकळी आहे." दोन दिवसांनी यंत्राचा अहवाल तेच सांगायचा. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारत, पण मी त्यांना काकाच म्हणायची. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांची लेक मराठी वाचत नाही, पण तिला वाचून दाखवणारं कुणीतरी भेटेल, आणि तिला न विचारता तिच्या बापाचं नाव छापणं मला बरं वाटत नाही.

पहिली चूक त्यांनी त्याच बाजारात केली. कोबी हातावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन किलो." काट्यावर एक किलो चारशे भरला. "तुमचा काटा बिघडलाय," असं ते भाजीवाल्याला ठणकावून म्हणाले. मग बटाटे घेतले. तेही चुकले. मग माझ्या हातातली पिशवी मागून घेतली, जिचं वजन ते दर आठवड्याला अचूक सांगत. ती खाली ठेवताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, सगळंच जड लागतंय."

नसांचा आजार निघाला. आधी हात जातील, मग पाय, मग आवाज आणि शेवटी श्वास, असं डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. दीड-दोन वर्षं मिळतील, म्हणाले. मिळाले नऊ महिने.

त्यांना गाडीचा गिअर टाकता येईनासा झाला तेव्हापासून कामावर त्यांना मीच न्यायची. एका सकाळी सिग्नलला थांबले असताना ते म्हणाले, "बाई, मला एक स्टेनगन घ्यायचीय."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा कुठे मी भानावर आले.

"स्टेनगन किंवा तसलीच एखादी, हातात धरायची मशीनगन," ते म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धातली, जुनी. नळी कायमची बुजवलेली असते, बार उडत नाही. इथे लोक हौसेनं जमवतात. थोडे दिवस मी बघेन, हाताळेन. मग लेकीला ठेवीन."

दुसऱ्या कुणी अशा वेळी काशीला जायचं म्हटलं असतं. पण काकांचे वडील, ते त्यांना आबा म्हणत, साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतले, आणि इटलीत लढलेले. त्यांच्या हातात असली बंदूक होती एवढं काकांनी सांगितलं, आणि पुढे काही विचारलं तर विषय बदलला.

खरेदीची त्यांची पद्धत तुम्हाला सांगायलाच हवी. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला, जसा आम्ही माल पुरवणाऱ्यांचा करायचो. आडवे रकाने होते: वजन, स्थिती, इतिहास, कागदपत्रं. पुढे दोन रकाने त्यांच्या स्वतःच्या भाषेतले होते. "मला उचलवेल का?" आणि "लेक ठेवेल का?" शेवटचा रकाना सगळ्या ओळींत रिकामा होता.

एका दुपारी काकू माझ्या दारात आल्या. चप्पलही न काढता उभ्याउभ्या म्हणाल्या, "तू त्यांना बंदूक बघायला नेऊ नकोस. माणूस आतून खचलाय. घरात तसलं काही नको मला."

त्यांच्या मनात जे आलं ते तुमच्याही आलं असेल. माझ्याही आलं होतं. मी दुसऱ्या दिवशी काकांना सरळ विचारलं. ते आधी हसले, मग त्यांना रडू आलं, आणि डोळे पुसायला हात वर जाईना म्हणून मी गाडी कडेला घेतली. "ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही," ते म्हणाले, "तो बुजवलेल्या बंदुकीनं काय करणार, बाई? मला लेकीला काहीतरी द्यायचंय. तिच्याशी बोलायला माझ्याकडे भाषा कुठेय?"

ते खरं होतं. लेक लहानपणापासून इथेच वाढली. मराठी तिला समजायचं, पण स्वयंपाकघरापुरतं. "जेवलीस का", "स्वेटर घाल", "कधी येणार". उत्तर ती डचमध्ये द्यायची. काकांचं डच बाजारापुरतं, इंग्रजी कारखान्यापुरतं. वीस वर्षं एकमेकांवर जीव टाकणारी ही दोन माणसं जेवण आणि हवा यांच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. आता तर काकांची जीभही जड व्हायला लागली होती.

लेक एनस्खेडेला शिकत होती. एका रविवारी ती आली असताना काकांनी बंदुकीचा विषय काढला. मी होते तिथे. "नेय, बाबा. दात विल इक नीत," ती म्हणाली. नाही बाबा, मला ते नको. मग घडाघडा बोलली. माणसं मारायची वस्तू मी माझ्या खोलीत ठेवणार नाही, आणि आजोबा लढले ती लढाई तरी कुणाची होती, इंग्रजांचीच ना? तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

"त्यामागे एक गोष्ट आहे," काका म्हणाले.

"सांग ना मग," ती चक्क मराठीत म्हणाली.

"आत्ता नाही. तुझ्या हातात ती येईल तेव्हा. हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही."

ती ठरल्यापेक्षा एक रेल्वेगाडी आधीच निघून गेली. मला काकांचा इतका राग आला की मी भांडी विसळायला उठले. पोरगी कधी नव्हे ती मराठीत विचारते आहे, आणि हा माणूस नियम सांगतोय! पण तुम्हाला माहीत आहे, चांगल्या माणसांचा हट्ट हा वाईट माणसांच्या हट्टापेक्षा चिवट असतो.

सप्टेंबरात रॉटरडॅमला एक विकणारा मिळाला. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला म्हातारा, आठव्या मजल्यावर राहणारा. घर लहान घ्यायचं होतं म्हणून संग्रह काढत होता. "माझ्या मुलांना यातलं काहीच नको आहे," हे त्यानं दारातच सांगितलं. टेबलावर टॉवेल अंथरून त्यानं तिघी ओळीनं मांडल्या होत्या. एक स्टेन, एक जर्मन आणि एक अमेरिकन टॉमीगन.

काकांचे दोन्ही हात तोवर मांडीवरच असायचे. "आधी वजन बघा," ते मला म्हणाले. मग मी डोळे मिटले. स्टेन घेतली. नळाच्या तुकड्याला दांडा जोडावा तशी दिसायला, पण हाताला सुटसुटीत.

"तीन किलो," मी म्हणाले.

"थोडी जास्त असेल. पुढची?"

"चार."

"बरोबर. पुढची?"

टॉमीगन उचलताना माझे खांदे खाली आले. तिचा लाकडी दस्ता वापरून गुळगुळीत झालेला होता. "पाच तरी," मी म्हणाले. काकांनी मान हलवली.

स्टेन मी त्यांच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली आणि खालून आधार दिला. त्यांनी ती वीतभर उचलली, स्वतःच्या बळावर. त्या महिन्यात त्यांनी स्वतः उचललेली ती एकच वस्तू. त्यांचा चेहरा असा फुलला की म्हातारासुद्धा हसला. "हीच घ्या काका," मी म्हणाले. "तुम्हाला हाताळता येईल." टॉमीगन मांडीवर ठेवली तर बोटं तिच्याखाली जातही नव्हती.

"नाही. ती जड घ्यायची," ते म्हणाले. आणि मग, टॉमीगन मी परत उचलून हातात घेतली होती म्हणून असेल, त्यांनी गोष्ट सांगितली. शब्द फुटायला वेळ लागत होता. अर्धा तास गेला. म्हातारा काही न कळता कॉफी ओतत राहिला.

"आबा सांगायचे. इटलीतलं एक गाव. गल्लीतलं एकेक घर तपासत चालले होते. हुकूम असा, की आत काही हललं तर आधी गोळी, मग चौकशी. एका घरात कोठीच्या दाराआड खुट्ट झालं. आबांनी टॉमीगन उचलली. दोन दिवस पोटात काही नाही, दंड भरून आलेले. ते धूड वर यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात दाराखालच्या फटीत त्यांना एक पाऊल दिसलं. अनवाणी. एवढंसं." काकांना ते एवढंसं हातानं दाखवता आलं नाही, त्यांनी नजरेनं माझ्या अंगठ्याकडे खूण केली. "आत एक बाई होती, तीन पोरं होती. आबा म्हणायचे, हलकी असती तर उडाली असती."

तेव्हापासून आबांनी आयुष्यभर प्रत्येक वस्तू आधी तळहातावर तोलली. घाई होऊ नये म्हणून. पोरालाही तेच शिकवलं.

"मग लेकीला मी हलकी कशी देऊ?" काका म्हणाले.

टॉमीगन घेतली. बार उडत नसल्याच्या दाखल्याचा कागद म्हाताऱ्याला सापडेना, तो म्हणाला पोस्टानं पाठवतो. मी बरं म्हटलं. लोकांना कागदपत्रांवरून पिडणं हा माझा रोजचा धंदा होता, आणि त्या दिवशी मी बरं म्हटलं.

घरी आल्यावर काकूंनी मांडीवर टॉवेल घालून ती त्यांच्यापुढे ठेवली. उचलता येत नव्हती, पण मांडीला वजन कळत होतं. दोन्ही तळवे तिच्यावर पालथे ठेवून ते तासन्‌तास बसायचे. त्या आठवडाभरात मी त्यांना सुखी पाहिलं. लेकीच्या परीक्षा संपल्या की ती येणार होती. काका मनातल्या मनात गोष्टीची तालीम करत होते; ओठ हलताना दिसायचे.

मग दसरा आला. घरात शस्त्र आहे तर पूजा करू या, ही कल्पना माझी. काकूंना एवढ्या दिवसांत करायला काहीतरी आनंदाचं मिळालं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, झेंडू नव्हता म्हणून सुपरमार्केटातली शेवंती आणली. टॉमीगनच्या लाकडावर हळदकुंकवाची बोटं उमटली. काकू आरती म्हणत होत्या, मी टाळ्या वाजवत होते, काका खुर्चीत बसून डोळ्यांनी सूचना देत होते. दुपारचे तीन वाजले होते.

तुम्ही हॉलंडमधली घरं पाहिली असतील. रस्त्याकडची खिडकी भिंतीएवढी असते आणि पडदे कुणी ओढत नाही. ओढले तर लोकांना वाटतं, हे काय दडवतात? आपण यांच्यासारखं राहावं म्हणून काकूंनीही इतक्या वर्षांत पडदा ओढला नव्हता. कुत्रा फिरवणारी एक बाई खिडकीपाशी थांबली. मी तिला हात केला. तीही हसल्यासारखी वाटली.

वीस मिनिटांत पोलिस आत होते. "हात वर करा!" एक जण इंग्रजीत ओरडला. काकूंनी केले, मी केले. काकांना करता येईनात. पिस्तूल त्यांच्यावर रोखलेलं, तो तरुण पोलिस पुन्हापुन्हा ओरडतोय, आणि काका मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघताहेत. "ही इज सिक! ही इज सिक!" काकू किंचाळल्या. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. आरतीचं ताट माझ्या पायाशी उपडं पडलं होतं.

उलगडा झाल्यावर ते चांगले वागले. त्या तरुणानं तर काकांची क्षमा मागितली. पण दाखला आमच्याकडे नव्हता. बंदूक तपासणीला न्यावी लागेल, म्हणाले. कुंकू लागलेली टॉमीगन प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

कागद तिसऱ्या दिवशी पोस्टानं आला. मी तो घेऊन धावले, पण बंदूक तोवर दुसऱ्या गावी तपासणीच्या रांगेत लागली होती. मी रोज फोन करायची. रोज एक सभ्य आवाज सांगायचा, अजून थोडे दिवस. त्यांना काय माहीत, आमच्याकडे थोडे दिवस म्हणजे किती होते ते! ऑक्टोबरच्या अखेरीस काकांचा आवाज गेला.

लेकीला हे शेजाऱ्यांकडून कळलं. बापावर पिस्तूल रोखलं गेलं, तेही त्या वस्तूपायी, म्हणून ती फोनवर खूप रडली आणि काकूंना खूप बोलली. तरी शेवटच्या आठवड्यात ती येऊन राहिली. बापाला भरवायची, केस विंचरायची. दारावरची बेल वाजली की काका मान वळवायला बघायचे. ते कशाची वाट बघत होते हे मला आणि काकूंनाच ठाऊक.

"काका, मी सांगू का तिला गोष्ट?" मी एकदा कानाशी वाकून विचारलं. हो असेल तर डोळे एकदा मिटायचे, नाही तर दोनदा, असं ठरलेलं होतं. त्यांनी दोनदा मिटले. हातात घेतल्याशिवाय नाही. मी तेव्हा त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं. हे मी इतक्या वर्षांनीही उघडपणे लिहिते, कारण याचं दुसरं काही करता येत नाही.

मंगळवारी सकाळी ते गेले. मी ऑफिसात कुणालातरी तारीख विचारत होते.

पुढच्या सोमवारी त्या सभ्य आवाजाचा स्वतःहून फोन आला. तपासणी झाली, घेऊन जा.

मी ती आणून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. दस्त्यावर कुंकवाचा डाग तसाच होता. काकू आत गेल्या. लेक म्हणाली, ही ज्याच्याकडून आणली त्याला परत देऊन टाकू. तिचे डोळे सुजले होते. मी म्हणाले, "दे. पण आधी एकदा उचल. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड खुट्ट झालंय असं समज आणि जमेल तेवढ्या घाईनं खांद्याला लाव."

माझं डोकं फिरलंय असं वाटून तिनं माझ्याकडे पाहिलं. पण उचलली. दोन्ही हातांनी ओढून घेतली, पाय मागे टाकला, नळी डगमगत हळूहळू वर आली. तेवढ्या वेळात दार नीट बघून झालं होतं, दाराखालची फटही. आणि मग, बंदूक तिच्या खांद्याशी असतानाच, मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला तिच्या आजीएवढ्या जुन्या त्या बाईची, तीन पोरांची आणि माझ्या अंगठ्याएवढ्या पावलाची गोष्ट सांगितली. आबांचं वाक्य मात्र मराठीतच म्हटलं. हलकी असती तर उडाली असती. ते तिला समजलं.

ती रडली नाही. बापाच्या खुर्चीत बसली, बंदूक मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही तळवे पालथे ठेवून बसून राहिली. तिला तसं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. दारात उभ्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

एनस्खेडेला मीच तिला पोचवलं. काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेली टॉमीगन डिकीत होती, आणि दाखला या वेळी मी स्वतः तिच्या पिशवीत घातला होता. ती राहायची त्या घराचा जिना इथल्या सगळ्या जिन्यांसारखा, अरुंद आणि उभ्या चढाचा. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. डिकी उघडल्यावर मी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. नऊ महिने काकांचं सगळं मीच उचललं होतं.

"नको," ती मराठीत म्हणाली. "मी घेते."

मी खाली उभी राहिले. दर चार पायऱ्यांवर ती थांबत होती.